एकोणीस जणांचा एक अर्ज

"मॅडम, तुमच्या ग्रुपमधून एकच अर्ज आलाय. आणि तोही मला नीट कळत नाहीये."

फोन प्रशिक्षण केंद्रातून होता. सकाळचे साडेअकरा झाले होते. अर्ज भरायची मुदत त्याच दिवशी संध्याकाळी सहाला संपत होती. मी म्हटलं, एकच कसा असेल? आमच्याकडच्या एकोणीस जणांनी अर्ज भरलाय, प्रत्येकाने ग्रुपवर तसं लिहिलंय. पलीकडचे साहेब शांत स्वभावाचे होते. त्यांनी समोरच्या स्क्रीनवरचं वाचून दाखवलं. नाव कमल राऊत. वय चव्वेचाळीस. पीक वांगी आणि मेथी. गाव जऊळका. शेतीचा अनुभव एकतीस वर्षं. दिलेल्या नंबरावर फोन लावला तर शबाना नावाच्या बाईंनी उचलला. त्या म्हणाल्या, मी कमल नाही आणि जऊळक्याचीही नाही.

कमलताई जऊळक्याच्या नाहीत हे मलाही माहीत होतं.

ईरा आणि निहार, गेल्या रविवारी निहारने मला एक लिंक पाठवली. अर्धा स्क्रीन भरेल एवढी अक्षरं, आकडे आणि टक्क्यांची चिन्हं. वर एक शब्द नाही, खाली एक शब्द नाही. मी ती उघडली नाही म्हणून तो रुसला. ईराने विचारलं, आजी, तू प्रत्येक लिंकच्या वर चार ओळी कशाला लिहितेस, लोक वाचतात का त्या? त्या ओळी कुठून आल्या ते सांगते.

मी वाशिमच्या कॉलेजात लायब्ररियन होते हे तुम्हाला ठाऊक आहे. निवृत्त झाल्यावर चार महिन्यांत घरातली कपाटं तीनदा लावून झाली. तेव्हा तुमचे आजोबा म्हणाले, तू आता बाहेरची कपाटं शोध. मालेगावला भाजीपाला पिकवणाऱ्या शेतकऱ्यांची एक कंपनी आहे. कंपनी हा शब्द मोठा आहे. शेतकरी एकत्र येतात, संस्था नोंदवतात, बियाणं एकत्र आणतात, माल एकत्र पाठवतात. तिथे मी आठवड्यातून तीन दिवस समन्वयक म्हणून जाते. समन्वयक म्हणजे पत्रं लिहिणारी, फोन उचलणारी आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपची अ‍ॅडमिन. ग्रुपमध्ये मालेगाव, जऊळका आणि आसपासचे शंभरावर लोक आहेत.

प्रशिक्षण रोपवाटिकेचं होतं. म्हणजे बी ट्रेमध्ये पेरायचं, रोप महिनाभर सांभाळायचं आणि ते इतर शेतकऱ्यांना विकायचं. आठ दिवस राहून शिकायचं. जिल्ह्यातून वीस जण घेणार होते. वय पंचेचाळीसच्या आत असावं, अशी अट होती.

या अटीमुळेच कमलताईंचा जीव टांगणीला लागला होता. मालेगावच्या बाहेर दीड एकरात त्या भाजी काढतात. दोन वर्षं बाहेरून आणलेली वांग्याची रोपं लावल्यावर निम्मी मेली. तेव्हापासून त्यांच्या डोक्यात एकच होतं, आपलं रोप आपण करायचं. पण त्यांना चव्वेचाळीस पूर्ण होऊन गेली होती. पुढच्या वर्षी अर्ज करता आला नसता. घरून परवानगी मिळवायलाच त्यांना महिना लागला होता. शेवटी सासूबाई म्हणाल्या होत्या, जाय, आठ दिवस म्हैस मी पाहीन. तारीख कधी आहे हे कमलताईंनी मला चार वेळा विचारलं होतं.

आता त्यांच्या नावाने एक अर्ज होता, पण तो त्यांचा नव्हता. आणि बाकीच्या अठरा जणांचे अर्ज नव्हतेच.

मी साहेबांना मुदत वाढवून मागितली. ते म्हणाले, माझ्या हातात नाही, फॉर्म सहाला आपोआप बंद होतो. आलेल्या अर्जांची नावं मात्र विचाराल तेव्हा वाचून दाखवीन.

फोन ठेवला आणि ग्रुप उघडला. आधी माझीच नोटीस शोधली. ती आठ दिवसांपूर्वीची होती, गुड मॉर्निंगची फुलं आणि कोथिंबिरीच्या भावाखाली पार गाडली गेलेली. मी नोटीस कशी टाकली होती? प्रशिक्षण केंद्राचं पत्र स्कॅन करून, शिक्क्यासकट, फोटो म्हणून. दिसायला अगदी व्यवस्थित. लिंक त्या फोटोत छापलेली होती. म्हणजे ती बोटाने दाबून उघडत नव्हती. कागदावर बघून अक्षर न अक्षर टाइप केलं तरच उघडणार. शेतात उभं राहून हे कोण करणार? हा विचार मी केलाच नव्हता. मी नोटीस लावली होती, माझं काम झालं होतं.

ते टाइप करायचा खटाटोप एकाच माणसाने केला. नसीमभाईंनी. आमच्या ऑफिसच्या खाली त्यांचं दुकान आहे. बियाणं, रोपांचे ट्रे आणि फवारणी पंपांची दुरुस्ती. वय साठीच्या पुढे. कोणतं बी घ्यावं हे लोक त्यांना विचारतात आणि त्यांच्या शब्दावर घेतात. आपली सून शबाना हिचा अर्ज त्यांनी भरला आणि मग ग्रुपवर लिंक टाकली. वर लिहिलं होतं, आम्ही भरला, तुम्ही पण भरा. खाली लिंक. माझ्या फोनवर ती अकरा ओळींची दिसत होती.

लिंक इतकी लांब कशाने होते, ते थोडक्यात सांगते. लिंक म्हणजे इंटरनेटवरच्या एखाद्या पानाचा पत्ता. त्याचा पुढचा भाग खरा पत्ता असतो. मग बऱ्याचदा एक प्रश्नचिन्ह येतं आणि त्यामागे लांब शेपूट. या शेपटात त्या एका माणसापुरती माहिती असते. तो कुठून आला, काय शोधत होता, वगैरे. बहुतेक वेळा शेपूट कापलं तरी पान उघडतं, आणि कापून पाठवणं हेच सभ्यपणाचं. कधीकधी मात्र शेपटात याहून महत्त्वाचं काही असतं. म्हणून कापल्यावर लिंक एकदा उघडून बघायची.

मी नसीमभाईंची लिंक उघडली. फॉर्म आला. नावाच्या चौकटीत आधीच लिहिलेलं होतं, कमल राऊत. तेव्हा मला कळलं.

मी खाली गेले. नसीमभाई एका पंपाचा वायसर बदलत होते. मी विचारलं, "ही लिंक तुम्ही कुठून घेतली?"

"कुठून म्हंजे? माह्याच फोनमधून. शबानाचा फॉर्म भरला. मंग पाह्यलं त तिचं वय चुकलं होतं. दुरुस्तीचं बटन दाबलं, वय बरोबर केलं अन् वरतून लिंक कॉपी केली. लोक तीन दिवसांपासून मले विचारून राह्यले होते, कसं भराव, कसं भराव."

"मग लोकांनी उघडली तेव्हा त्यात शबानाचं नाव दिसलं असेल."

"दिसलं ना. आठ-दहा फोन आले मले. म्या सांगतलं, तो नमुना हाय. खोडा अन् आपलं टाका."

मुलांनो, तुम्ही हसाल. पण तुम्ही आमच्याकडच्या कोणत्याही कचेरीत जा. खिडकीच्या काचेमागे एक भरलेला अर्ज चिकटवलेला असतो. त्याला नमुना अर्ज म्हणतात. त्यात कोणाचं तरी नाव असतं, गाव असतं, सही असते. तो बघायचा आणि त्याच्याप्रमाणे आपला भरायचा, असं आम्ही पिढ्यान्‌पिढ्या करत आलोय. म्हणून फॉर्म आधीच भरलेला दिसला तेव्हा कोणालाच काही वावगं वाटलं नाही. उलट सोय वाटली. दुसऱ्याने शबानाचं नाव खोडून आपलं टाकलं. तिसऱ्याला दुसऱ्याचं दिसलं, ते त्याने खोडलं. जे वरच्या वर दिसलं तेवढं बदललं, खालचं राहून गेलं. मोबाइल नंबर तर कोणीच बदलला नाही. तो ऑफिसचा नंबर असणार असं सगळ्यांनी धरलं.

नसीमभाईंच्या लिंकच्या शेपटात शबानाच्या अर्जाची किल्ली होती. ती लिंक नवा फॉर्म उघडत नव्हती. शबानाचाच भरलेला फॉर्म दुरुस्तीसाठी उघडत होती. एकोणीस जण एकाच अर्जावर आळीपाळीने बसून उठले होते.

मी हे समजावून सांगितलं. नसीमभाईंनी पान्हा खाली ठेवला.

"म्हंजे माह्या सुनेचाबी गेला?"

"सगळ्यात आधी तिचाच गेला."

त्यांनी हात फडक्याला पुसले. मग म्हणाले, "मॅडम, मले ग्रुपमधून काढून टाका. मी आता कोनत्या तोंडानं लोकाइले बी देऊ?"

मी म्हटलं, काढायचं असेल तर आधी मला काढावं लागेल. मी फोटो टाकला नसता तर तुम्हाला लिंक टाकावीच लागली नसती. आता दुपारचे बारा वाजलेत, तोंडाचं नंतर बघू.

वर येऊन मी केंद्राच्या पत्रातली लिंक स्वतः टाइप केली. छोटी होती, दोन ओळींची. उघडून बघितली. नावाची चौकट रिकामी होती. मग नसीमभाईंचा जुना मेसेज ग्रुपवरून डिलीट केला. अ‍ॅडमिनला तो अधिकार असतो. आणि घाईघाईत लिहिलं: "आधीची लिंक चुकीची होती. ही नवीन लिंक. सर्वांनी पुन्हा अर्ज भरावा." खाली लिंक चिकटवली.

अर्धा तास झाला. चार जणांनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं. दोघांनी विचारलं, हे फसवणुकीचं तर नाही ना? आजकाल असे मेसेज येतात. त्यांचं बरोबर होतं. आपणच मुलांना आणि म्हाताऱ्यांना शिकवतो की अनोळखी लिंक दाबू नका. जऊळक्याच्या एका गृहस्थांनी तर कहर केला. नसीमभाईंची जुनी लिंक त्यांच्याकडे दुसऱ्या ग्रुपवर होती. ज्यांना नवी उघडत नसेल त्यांनी ही वापरा, असं लिहून ती त्यांनी पुन्हा टाकली. मदत म्हणून. मी तीही डिलीट केली.

साहेबांना फोन करून विचारलं. नवे अर्ज किती? ते म्हणाले, एकही नाही.

मी दार लावून घेतलं आणि दहा मिनिटं बसले. लायब्ररीत असताना मी नव्या मुलांना सांगायची, पुस्तकाचा नंबर शोधणाऱ्यासाठी असतो. त्याला कपाटापाशी गेल्यावर काय दिसेल, ते आधी सांगा. ग्रुपवर मात्र मी मला काय हवंय तेवढंच लिहिलं होतं. समोरच्याला दिसतं काय? एक नकार, एक हुकूम आणि एक पत्ता.

मग असं लिहिलं:

"रोपवाटिका प्रशिक्षणाचा अर्ज. प्रशिक्षण केंद्राचा, आपल्या कंपनीमार्फत.
कोणी भरायचा: ज्यांनी याआधी भरला त्या सर्वांनी. आधीचा केंद्रापर्यंत पोचलेला नाही. दोनदा भरल्याने बाद होत नाही, मी केंद्रात विचारलं आहे.
कधीपर्यंत: आज संध्याकाळी सहा.
उघडल्यावर काय दिसेल: नावाची चौकट रिकामी दिसेल. कोणाचंही नाव दिसलं तर बंद करा आणि मला फोन करा.
मोबाइल नंबर स्वतःचा टाका."

खाली माझं नाव. आणि शेवटच्या ओळीवर एकटी लिंक, आजूबाजूला काही नाही. म्हणजे बोट नेमकं तिच्यावरच पडेल. पाठवण्याआधी खाली जाऊन ती शबानाच्या फोनवर उघडली. माझ्या फोनवर उघडते ती दुसऱ्याच्याही उघडेल असं आता मी धरून चालणार नव्हते. शबानाने तिथेच, काउंटरमागे उभं राहून, आपला अर्ज भरला. सासरे बघत होते, पण ती त्यांच्याकडे बघत नव्हती. भरून झाल्यावर एवढंच म्हणाली, "अब्बा, या खेपेले वय म्या टाकलं."

मेसेज गेला. तासाभरात आठ अर्ज आले. मग थांबलं.

तेव्हा नसीमभाई वर आले. माझ्यासमोर खुर्चीवर बसले, फोन तोंडाजवळ धरला आणि आवाजी मेसेज रेकॉर्ड केला. मला तो जवळजवळ पाठ आहे.

"भाऊ, बहिनाबाई, मी नसीम बोलून राह्यलो. म्या जे लिंक टाकली होती ते माह्या सुनेच्या फॉर्मची होती. गलती माही हाय, तुमची नाई. नमुना म्हून सांगतलं, तेबी म्याच. मॅडमनं टाकली ते बराबर हाय, म्या सोता पाह्यली. आता दोन मिनिटं काढा अन् भरून टाका. अन् कोनाले जमत नसन त दुकानात या, चहा हाय."

लिहिलेलं माझं होतं, पण लोक विश्वास त्यांच्या आवाजावर ठेवत होते. हे मला मान्य करावं लागलं. साडेचारला साहेबांनी नावं वाचून दाखवली. अठरा. मी यादीवर खुणा करत गेले. एक नाव उरलं, कमल राऊत.

कमलताई फोन उचलत नव्हत्या. त्या दिवशी बाजार होता. नसीमभाई म्हणाले, त्या बाजारात असतीन, फोन पिशवीच्या तळाशी. मी छत्री घेतली, ऊन होतं, आणि निघाले.

त्या मेथीच्या ढिगामागे बसल्या होत्या. समोर एक गिऱ्हाईक जुडी उलटीपालटी करत होतं. मी म्हटलं, कमलताई, अर्ज पुन्हा भरायचाय, सव्वापाच झालेत.

"म्या काल भरला ना मॅडम. बराबरची खूण आली. आता अजून कायले?"

मी सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि मान हलवली. "नाई. दोनदा भरला का दोन्ही बाद होते. माह्या जावेचं तसंच झालं होतं. माहं हे शेवटचं साल हाय मॅडम, मी हात नाई लावत त्याले."

केंद्रात विचारलंय म्हटलं. त्यावर त्या म्हणाल्या, खिडकीवरचे सगळे तसंच सांगतात. गिऱ्हाईकही आता ऐकत उभं होतं आणि ते कमलताईंच्या बाजूने होतं. घड्याळात पाच वीस झाले. मी म्हटलं, बरं, नवा भरू नका. तुमचा जुना तर बघाल? लिंक मी ग्रुपवरून काढलीय, पण कालचं पान फोनमध्ये असेल, ते पुन्हा उघडा.

त्यांनी पिशवीतून फोन काढला, पदराला बोटं पुसली आणि ते पान पुन्हा उघडलं. नावाच्या चौकटीत लिहिलेलं होतं, रामधन राठोड. खाली मानोऱ्याकडच्या एका तांड्याचं नाव.

"हा कोन?" त्या म्हणाल्या.

मलाही माहीत नव्हतं. जुनी लिंक कोणीतरी तिकडे पुढे पाठवली होती आणि हा विसावा माणूस दुपारी येऊन बसला होता.

"माह्या जागी बसला ना हा." कमलताईंनी फोन माझ्या हातात दिला. "मॅडम, तुमी वाचा, मी सांगतो. अन् भाऊ, तुमी जुडी घ्या नाई त ठेवा, तिचा जीव घेऊ नका."

नवी लिंक. चौकट रिकामी. मी एकेक प्रश्न वाचला, त्यांनी उत्तर दिलं, मी टाकलं. मोबाइल नंबर त्यांनी स्वतः टाकला, मोठ्याने म्हणत, एकेक आकडा. पाच चाळीसला सबमिट केलं. मी तिथूनच साहेबांना फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. त्यांनी वाचलं, कमल राऊत, मालेगाव, अनुभव पंचवीस वर्षं. कमलताईंनी नंबरही वाचायला लावला. मग मला मेथीची एक जुडी दिली. पैसे घेतले नाहीत.

राहता राहिले रामधन राठोड. जुन्या फॉर्मवर त्यांचा नंबर नव्हता, तिथे शबानाचाच होता. मी नसीमभाईंना फोन केला. ते म्हणाले, रामधन? निळा पंप, नोझल नेहमी चोंदते. त्याचा नंबर हाय माह्याकडे. सहाला आठ मिनिटं असताना रामधनभाऊंचा अर्ज आला.

पंधरा दिवसांनी निवडयादी लागली. आमचे सात जण निवडले गेले. कमलताई होत्या, शबाना होती. रामधनभाऊ प्रतीक्षायादीत होते. एकाने जागा सोडल्यावर त्यांनाही बोलावलं. कमलताई आठ दिवस राहून आल्या. त्यांच्या मेथीच्या वाफ्याशेजारी आता हिरव्या जाळीचा एक छोटा मांडव आहे आणि त्यात वांग्याच्या रोपांचे ट्रे. पहिल्या खेपेला उगवण चांगली झाली. दुसऱ्या खेपेला म्हैस आत शिरली. ती तक्रार त्या सासूबाईंकडे नेतात, माझ्याकडे नाही.

ऑफिसात आता एक साधी पद्धत आहे. लिंकच्या वर ती काय आहे, कोणाची आहे, कोणासाठी आहे आणि कधीपर्यंत आहे ते लिहायचं. उघडल्यावर काय दिसेल तेही सांगायचं. शेपूट कापून बघायचं. आणि पाठवण्याआधी ती दुसऱ्या कोणाच्या तरी फोनवर उघडून पाहायची. नसीमभाई हे सगळ्यांत कडकपणे पाळतात. नुसती लिंक कोणी टाकली की खाली त्यांचा प्रश्न येतोच, "हे कोनाच्या घरचं दार हाय?"

निहार, तुझी लिंक मी अजून उघडलेली नाही. वर एक ओळ लिहून पुन्हा पाठव.